उसाच्या गाडीचा बैल आणि आपण सभासद



बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली, की आपल्या बोलण्यात दोनच गोष्टी उरतात. तोड कधी मिळणार आणि टनेज किती पडणार. उताऱ्यावर आपण बोलतो, दरावर तर हंगामभर बोलतो. पण ज्याच्या मानेवरून हा ऊस काट्यापर्यंत येतो त्या बैलाविषयी वार्षिक सभेत कोणी उठून चार शब्द बोलल्याचे मला तरी आठवत नाही. ट्रक आले, ट्रॅक्टर आले, आता तोडणीचे यंत्रही आले, हे खरे. तरी जवळच्या गटातला, अरुंद पाणंदीचा, तुकड्यातुकड्याचा ऊस अजून बैलगाडीच ओढते. तेव्हा जनावर पाळण्याचे आणि राबविण्याचे कायदेकानू काय आहेत आणि त्यांतले आपल्याकडे किती येते, याचा विचार हंगामाच्या तोंडावरच व्हावा म्हणून हा लेख.

ज्यांना वेळ असेल त्यांनी हंगामात रात्री अकराच्या सुमारास गाडीतळावर एक चक्कर मारावी. गाड्यांची रांग लागलेली असते. गाडीवान गाडीखाली वाकळ अंथरून पडलेला असतो, त्याची बायको कुठे आडोशाला चूल पेटवून भाकरी थापत असते आणि बैल मात्र जुवाखाली तसेच उभे असतात. दिवस मावळताना आलेली गाडी, काटा व्हायला मध्यरात्र उलटते. तोवर गाडीचा पुढचा भार मानेवरच. एका गाडीवानाला मी विचारले, "पाव्हणं, बैलं सोडत का नाही?" तो म्हणाला, "सोडली की म्होरली गाडी सरकती, मागचा घुसतो. पुन्हा जुपस्तवर नंबर गेला म्हणून समजा." त्याचे बोलणे काही खोटे नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला, आणि त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने वेगळे नियम केले. त्यांत एक नियम नेमका आपल्या गाडीतळासाठीच लिहिला असावा असा आहे. ओढण्याचे काम संपले, जनावराची गरज उरली नाही, की त्याला जुंपलेले ठेवायचे नाही. म्हणजे रांगेत पाच-सहा तास जुवाखाली उभा असलेला प्रत्येक बैल हा त्या नियमाच्या बाहेर उभा आहे. बाकीचे नियमही लांबलचक नाहीत. बैलाला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही. विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त ओढायला लावायचे नाही. जेथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन गाडी हाकायची नाही. आता आपल्याकडे मार्च निम्मा सरला की पारा कुठे असतो हे सांगायला हवामान खाते नको. टोकदार खिळ्याची काठी, म्हणजे आपली पराणीची आर, वापरायची नाही. खिळे, गाठी किंवा टोचणारे काही असलेले जू वा साजही नाही. ओझ्याची मर्यादा बैलाच्या अंगमानावर आणि चाकाच्या प्रकारावर ठरवून दिलेली आहे. हवेचे टायर, बेअरिंग, साधे चाक असा त्यात फरक केला आहे. शिवाय मूळ कायद्यातच असे आहे की म्हातारा, आजारी, लंगडा किंवा खांदा फुटलेला बैल कामाला लावणे हा गुन्हा आहे.

दंड म्हणाल तर हसू येईल. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ठरविलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे गड्याचा महिन्याचा पगार असेल, आज त्यात दोघांचा चहा-वडा होतो. पण मला दंडाचे बोलायचेच नाही. दंड केला तरी तो कोणाला होणार? गाडीवानाला. जो उचल घेऊन बीड, पाथर्डी, जतकडून आला, ज्याला तोडणी-वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ज्याच्या बैलजोडीची किंमत त्याच उचलीत बसलेली आहे. तो जास्त भरतो, कारण खेप वाचते. आर लावतो, कारण गाडी रुतते. बैल सोडत नाही, कारण नंबर जातो. नियम वाचताना मी एका शब्दापाशी थबकलो. 'कोणीही जनावराचा वापर करता कामा नये' एवढेच तेथे लिहिलेले नाही, 'वापर करता कामा नये किंवा वापर करवता कामा नये' असे आहे. हे 'करवता' आले की विषय गाडीवानापाशी थांबत नाही. रान आपले, पाणंद आपली, कारखाना आपला, गाडीतळही आपलाच.

हे मी दुसऱ्याला शिकवायला म्हणून लिहीत नाही. माझ्या हातून घडले ते सांगतो.

काही वर्षांमागची गोष्ट. माझा दीड एकराचा खोडवा तोडीला आला होता. तोडणीच्या आधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे हे शेती खाते दरवर्षी सांगते. त्याने साखर चढते, रान वाळते. पण वजन वाढेल या लोभाने मी तोडीच्या पाच-सहा दिवस आधी रात्रीची लाईट होती तेव्हा मोटर चालू केली आणि एक पाणी देऊन टाकले. तुम्ही-आम्ही काय करतो ते एकमेकांना ठाऊक आहे. टोळी आली. गाडीवानाने रानात पाऊल टाकले आणि टाच वर करून पाहिली. "मालक, रान लई वलं हाय. दोन दीस थांबू, आज नगं." मी म्हणालो, "अरे, चिठ्ठी आजची आहे. दोन दिवसांनी नंबर कुठे जाईल सांगता येतो का?" तो काही बोलला नाही. गाडी रानात घातली, नेहमीसारखी भरली. बांधाकडे वळताना उजवे चाक सरीत बसले. दोघाचौघांनी मागून खांदा दिला, याने पुढून हाकारले. डाव्या अंगाचा बैल, पांढरा खिलार, मोठा गुणी जनावर, त्याने रेटा दिला आणि चिखलात त्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला गेला. गुडघ्यावर बसला तो उठेना. जू सोडले, शिवळा काढल्या. डॉक्टर आले, म्हणाले फऱ्यातून गेला आहे, जगेल, पण जुवाला पुन्हा लागायचा नाही.

गाडीवानाच्या बायकोने बैलाच्या तोंडावरून पदर फिरवला. एक शब्द मला बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या वर्षी त्याचा हंगाम माघातच संपला. एका बैलावर गाडी चालत नाही, आणि उचल फिटायची राहिली होती. दुसऱ्या बैलाच्या निम्म्या किमतीला मी पैसे घातले, तेही गावातल्या चार जणांनी चावडीवर माझी लाज काढल्यानंतर, हे लपवून उपयोग नाही. लंगडा बैल त्याने नेला नाही. कुठे नेणार? २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि बाजारात लंगड्याला गिऱ्हाईक नाही. काहीजण अशी जनावरे रातोरात दुसऱ्याच्या शिवारात सोडतात. मग तीच आपला ऊस खातात आणि आपण कोंडवाड्याच्या नावाने ग्रामपंचायतीशी भांडतो. मी तो ठेवून घेतला. अजून माझ्या गोठ्यात आहे.

ओल्या रानात नेमके काय होते याचा हिशेब मी नंतर समजून घेतला. बैल दिवसभर टिकेल अशा बेताने ओढतो तेव्हा त्याची ओढ साधारणतः त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. म्हणजे चारशे किलोचे दोन बैल मिळून ऐंशी किलोची. टायरची भरलेली गाडी चांगल्या डांबरी सडकेवर चालवायला तिच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के ओढ पुरते. अडीच टनाला पन्नास ते पंचाहत्तर किलो, म्हणजे जोडीच्या आवाक्यातले काम. तीच गाडी मऊ, ओल्या रानात घातली की ओढ पाच-सहा पट होते. बैल तेवढी ओढ क्षणभर देतोही, पण आतडे पिळवटून. त्याच क्षणी पाय घसरला की माझ्या रानात झाले तसे होते. तेव्हा पाणी वेळेवर तोडणे हा जसा उताऱ्याचा नियम आहे तसाच तो जनावराच्या कायद्याचाही भाग आहे, असे मी मानतो. आणि ज्या दोन टनांसाठी मी पाणी दिले ते काट्यावर आले की नाही हे विचारू नका.

मानेवरच्या भाराचे आणखी थोडे. मोळ्या भरताना गाडी पुढे जड झाली तर सगळा भार मानेवर येतो, मागे जड झाली तर उलाळ होऊन जू गळ्याला वर ओढते. चांगला गाडीवान मोळीमोळीने तोल पाहून भरतो. पण रात्री घाईने, दिव्याशिवाय भरलेल्या गाडीत हे जमत नाही. शेतमालकाने बांधावर एखादा दिवा लावून दिला तर काही बिघडत नाही. २०२२ साली आपल्याच भागातील, साखराळ्याच्या राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थेतील विद्यार्थ्यांनी गाडीच्या दांडीला दोन बैलांच्या मधोमध एक जादा चाक बसवून पाहिले. नाव ठेवले 'सारथी'. मानेवरचा भार ते चाक घेते. त्याची छायाचित्रे तेव्हा पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली, कौतुक केले, पुढे धाडली. आपल्या गाडीतळावर तसे चाक लावलेली एक तरी गाडी यावी, निदान शेती समितीने एका गाडीवर प्रयोग करून पाहावा, अशी माझी सूचना आहे. सूचना लेखी दिलेली आहे.

खांदा आलेला, म्हणजे सुजलेला किंवा फुटलेला बैल दिसला तर त्याला त्या दिवशी जुंपू देऊ नये. जळके ऑईल चोपडून जू ठेवणे हा उपाय नव्हे. ते जखमेत जाऊन आग करते, एवढेच. पशुवैद्यकाला बोलवावे आणि चार दिवस विसावा द्यावा. बेंदराला, पोळ्याला आदल्या दिवशी आपण खांदमळणी करतो, हळद-तूप लावतो, उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण देतो. हे सगळे आपल्या घरच्या बैलाला. आपल्या उसाच्या गाडीचा बैल त्या वेळी दोनशे मैलांवर दुसऱ्याच्या दारात असतो, म्हणून तो आपला नाही असे धरून चालतो.

वाढ्याचा विषय घरच्या जनावरांनाही लागू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तोड चालू असताना टोळीची बैले आणि आपल्या म्हशी दोन्ही वाढ्यावर असतात. वाढे हिरवे दिसते, पोट भरते, पण त्यात ऑक्झॅलेट नावाचे आम्ल असते. ते अंगातला कॅल्शियम म्हणजे चुना धरून ठेवते, हाडांना आणि दुधाला तो मिळत नाही. तीन-चार महिने नुसते वाढे खाल्लेले जनावर मार्चमध्ये वाळलेले दिसते ते नुसत्या कामाने नव्हे. उपाय सोपा आहे. वाढे कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, रोज ३० ते ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्यावे आणि वैरणीत निम्मे तरी कडबा किंवा दुसरे काही मिसळावे. टोळीकडे कडबा नसतो. आपल्या गंजीतल्या पाच-दहा पेंढ्या दिल्या तर आपली गंजी काही मोडत नाही. माझ्या शेजारच्या एका सभासदाने दोन वर्षे हे केले. त्याच्या रानाला टोळी कधी उशिरा आली नाही, हा योगायोग म्हणावा की काय ते तुम्ही ठरवा.

रोगराईचे नियम अलीकडे कडक झाले आहेत आणि ते योग्यच झाले. २०२२ साली लंपी चर्मरोगाने राज्यात गाई-बैलांची काय दैना केली ते सगळ्यांनी पाहिले. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, हंगाम तोंडावर असताना टोळ्या येणार कशा हा प्रश्न पडला होता. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला २०२४ पासून खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला सक्तीचा झाला आहे. टोळीच्या बैलांना बिल्ला आहे का, लाळ्या-खुरकूताची लस टोचली आहे का, हे गावात उतरल्याच दिवशी पाहून घ्यावे. त्यांची बैले आपल्याच हौदावर पाणी पितात. एका बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली की आठवड्यात गावातला दूधधंदा बसतो. लस नसेल तर हाकलून देऊ नये. सरकारी दवाखान्यात कळवावे, टोचून घ्यावे, आणि तोवर हौद वेगळा ठेवावा.

रात्रीच्या वाहतुकीत शिंगांना किंवा गाडीच्या मागे चमकणारी लाल पट्टी नसेल तर गाडी रस्त्यावर घालू देऊ नये. यावर जास्त लिहायला नको, अपघात प्रत्येक गावाने पाहिले आहेत.

राहिला गाडीतळ. बैल सुटायला हवा असेल तर नंबर सुटता कामा नये, एवढी साधी बाब आहे. गाडी फाटकात आली की पितळी बिल्ला किंवा छापील चिठ्ठीवर नंबर द्यावा, त्या नंबरानेच काट्यावर पुकारावे, आणि मधे घुसणाऱ्याला पुन्हा शेवटी पाठवावे. मग गाडी शिपायावर टेकवून बैल सोडता येईल, हौदावर नेता येईल, त्याला बसून रवंथ करता येईल. बैल बसला की निम्मा थकवा जातो, हे ज्यांनी बैल पाळले त्यांना सांगायला नको. याला खर्च नाही, फक्त फाटकावरच्या माणसाने कोणाचा वशिला ऐकता कामा नये. येथे अडचण येते, हे मला माहीत आहे. आपल्यापैकीच कोणीतरी रात्री फोन करून म्हणतो, "आमची गाडी जरा पुढे घ्या." मीही केला आहे.

तोच गाडीवान मधे एक वर्ष आला नाही, मग आला. नवी जोडी होती. पहिल्याच दिवशी माझ्या गोठ्यात गेला, पांढऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, खुरे उचलून पाहिली आणि म्हणाला, "मालक, ह्याच्या पत्र्या काढून टाका की आता. कुठं चालायचंय त्याला." माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यानेच बसून काढल्या.

यंदा माझ्या रानाची तोड फेब्रुवारीत आहे. पाणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तोडणार आहे, आणि पाटावरच्या तिघा शेजाऱ्यांनीही तसे कबूल केले आहे. राहिली पाणंद. ओढ्याकडच्या उतारावर गेल्या पावसाळ्यात पडलेला खड्डा तसाच आहे. तीन ट्रॉल्या मुरूम लागेल. दोन मी सांगितल्या आहेत, तिसरी ज्यांचा ऊस त्या पाणंदीने बाहेर पडतो त्यांनी मिळून घालावी. मुरूम येत्या सोमवारी सकाळी पडणार आहे. येताना फावडे आणि घमेले घेऊन यावे.